हिवाळ्यांतील सायकल आणि अंगावरचे कपडे



ज्या थंडीला आपण कौतुकानें गुलाबी थंडी म्हणतों, ती अंगावर रजई असेपर्यंतच गुलाबी असते. पहाटे साडेसहा वाजतां दाराबाहेर उभ्या असलेल्या सायकलच्या लोखंडी हँडलवर जो हात ठेवतो, त्याला तिचा खरा रंग कळतो. हेमंत आणि शिशिर यांचें वर्णन करणारे बहुतेक लोक घरांत बसूनच तें करीत आले आहेत. आणि त्यांत त्यांचा दोष कांहीं नाहीं, कारण बाहेर पडलेल्या माणसाचीं बोटें लेखणी धरण्याच्या स्थितींत राहत नाहींत. आज मला बोलावयाचें आहे तें या बाहेर पडलेल्या माणसाविषयीं; म्हणजे वाशीम जिल्ह्यासारख्या वऱ्हाडांतील माथ्यावरच्या मुलखांत, पौषाच्या सकाळीं सायकलवरून शाळेला, कचेरीला किंवा कामाला जाणाऱ्या माणसाविषयीं, आणि त्यानें अंगावर काय घालावें याविषयीं.

विषय लहान आहे. कपडे कसे घालावेत हें सांगण्यासाठीं भाषण कशाला, असें एखादे गृहस्थ म्हणतील. परंतु लहान गोष्टींवरच पुष्कळदां मोठ्या गोष्टी अडून राहतात. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ सालीं केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत घेतला. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून, शाळेपासून पांच किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यांत आल्या, त्या अशाच मागास तालुक्यांतून. येथें सायकल ही हौस नव्हे. घर आणि शाळा यांच्यामधला तो पूल आहे. आतां असें पाहा कीं, बारावीची परीक्षा फेब्रुवारींत सुरू होते आणि दहावीची तिच्या पाठोपाठ येते. म्हणजे उजळणीचे दिवस आणि कडाक्याच्या थंडीचे दिवस एकच. त्या दिवसांत एखादी मुलगी "आज फार गारठा आहे बाई, जाऊं नकोस" या मायेच्या शब्दानें घरीं राहिली, आणि दुसऱ्या दिवशींहि राहिली, तर सायकल भिंतीला टेकून राहते आणि पूल असून नसल्यासारखा होतो. प्रश्न कपड्यांचा असला तरी त्याच्या पोटांत शिक्षणाचा प्रश्न दडलेला आहे. म्हणून हें बोलणें.

प्रथम आपल्या थंडीची जात ओळखली पाहिजे. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर, म्हणजे अकोल्याहून सुमारें अडीचशे मीटर वर, वसलेलें आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस उतरून पूर्णेला, म्हणजे शेवटीं तापीला मिळते. अडाण, अरुणावती आणि पूस या नद्या पैनगंगेकडे, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यांत जातात. असा हा दोहोंकडे पाणी वाटून देणारा माथा आहे. समुद्र दूर, हवा कोरडी आणि हिवाळ्यांत आकाश निरभ्र. त्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाला उधळून देते आणि पहाटेपर्यंत रिकाम्या हातांची होते. त्यांत उत्तरेकडे हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ पुढें सरकला, कीं त्याच्या पाठीमागून उत्तरेचा कोरडा वारा मध्य भारतांत उतरतो आणि सारा विदर्भ काकडूं लागतो. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं किमान उष्णतामान ३.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरलें होतें. सपाट प्रदेशांत किमान उष्णतामान १० अंश किंवा त्याहून खालीं गेलें, आणि तें नेहमीच्या मानाहून निदान साडेचार अंशांनीं कमी असलें, म्हणजे हवामान खातें तिला थंडीची लाट म्हणतें. एरवीं आपल्याकडे डिसेंबर-जानेवारींत पहाटे दहा-बारा अंश ही नित्याचीच गोष्ट.

सायकलवाल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते, ती मोटारींत बसणाराला कळत नाहीं. रस्ता जेथें नाल्याकडे उतरतो तेथें एकदम थंडीची चादर अंगावर पडते, आणि पलीकडचा चढ चढून वर आलें कीं ती उचलली जाते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी वाहत जाऊन सखल जागीं सांचते. म्हणून माथ्यावरच्या घरांतून निघून नाल्याकांठच्या शाळेला जाणाऱ्या मुलानें अंगणांतल्या थंडीवरून वाटेवरच्या थंडीचा अंदाज बांधूं नये.

परंतु या थंडीची सर्वांत मोठी खूण निराळीच आहे. तीच जमीन दुपारीं २८-३० अंशांपर्यंत तापते. उत्तर फिनलंडमध्यें ओउलू नांवाचें शहर आहे. तेथें महिनेच्या महिने रस्त्यांवर बर्फ असतो आणि तरीहि आबालवृद्ध सायकलवरून हिंडतात. हिवाळ्यांतील सायकल-प्रवासावरची पहिली जागतिक परिषद २०१३ सालीं तेथेंच भरली. तेथील माणूस सकाळीं जे कपडे चढवितो, तेच संध्याकाळीं घालून घरीं परततो, कारण दिवसभर थंडी ती थंडीच. आपल्या विद्यार्थ्याला मात्र सकाळीं सातला शिशिर भेटतो आणि दुपारीं एकला जवळ जवळ वैशाखाचा धाकटा भाऊ भेटतो. म्हणून परक्या देशांतील जाडजूड कोटांचा उपदेश आपल्या उपयोगाचा नाहीं. आपल्याकडे कपडे चढविण्याइतकीच ते उतरवितां येण्याची सोय महत्त्वाची आहे, हें पहिलें सूत्र.

आतां शरीराचा व्यवहार पाहूं. पायडल मारतांना स्नायू जी शक्ति खर्च करतात, तिच्यापैकीं सुमारें चौथा हिस्साच चाकापर्यंत पोंचतो. उरलेले तीन हिस्से उष्णतेच्या रूपानें अंगांतच राहतात. म्हणजे सायकलस्वार ही एक चालती शेगडी आहे. असें असतां त्याला हुडहुडी कां भरते? कारण ही शेगडी सर्वत्र सारखी पेटत नाहीं. मांड्या आणि धड तापतात; पण हँडल धरून निश्चल बसलेलीं बोटें, वाऱ्याला सामोरे गेलेले कान, नाक आणि गुडघे यांच्या वांट्याला ती ऊब येत नाहीं. उलट, थंडी वाजूं लागली कीं शरीर शहाण्या कुटुंबप्रमुखाप्रमाणें आधीं घरचें सांभाळतें; हातापायांकडे जाणारें रक्त आंखडतें आणि हृदय, फुप्फुसें, मेंदू यांच्याकडे राखून ठेवतें. त्यामुळें छातीला घाम आणि बोटांना बधिरपणा, असा विचित्र संसार एकाच देहांत चालूं असतो.

त्यांत वाऱ्याची भर. हवा अगदीं स्तब्ध असली तरी ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाणारा सायकलस्वार आपला वारा आपणच निर्माण करतो. शरीराभोंवतीं तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो हिसकावून नेतो. अमेरिकन संशोधक पॉल सायपल आणि चार्लस पॅसेल यांनीं दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत निरनिराळ्या वाऱ्यांत पाणी गोठण्यास किती वेळ लागतो हें मोजलें आणि १९४५ सालीं त्यावरून वाऱ्याच्या गारठ्याचें गणित मांडलें. २००१ सालीं अमेरिका व कॅनडा या देशांनीं सुधारून घेतलेल्या सूत्राप्रमाणें, हवेचें उष्णतामान १० अंश असेल आणि वारा ताशीं १५ किलोमीटरांचा असेल, तर उघड्या चेहऱ्याला तें ८ अंशांसारखें लागतें. समोरून आणखी दहा किलोमीटरांचा वारा आला तर ७ अंशांसारखें. आंकडे ऐकून आपण म्हणाल, दोन-तीन अंशांचा तर प्रश्न! परंतु शाळा पांच किलोमीटरांवर असेल तर ही वाऱ्याची झोंबाझोंबी वीस मिनिटें अखंड चालते, आणि तिचा मारा नेमका बोटांवर व कानांवर होतो. बधिर झालेलें बोट ब्रेक दाबीत नाहीं, ही यांतली खरी धास्ती आहे.

थंडीहून मोठा शत्रु मात्र अंगांतूनच निघतो. तो म्हणजे घाम. एक ग्रॅम घाम वाळतांना अंगाची सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. आणि स्थिर हवेच्या मानानें पाणी उष्णता सुमारें पंचवीसपट वेगानें वाहून नेतें. आई प्रेमानें दोन बनियनें, शर्ट, त्यावर जाड स्वेटर आणि त्यावर कोट अशी मोट बांधून मुलाला पाठविते. पहिला चढ संपेपर्यंत तो आंतून भिजतो. मग उतार लागला, पाय थांबले आणि वारा लागला, कीं तीच ऊब ओल्या पोतेऱ्यासारखी पाठीला चिकटते. शाळेंत जाऊन तो बांकावर बसतो तेव्हां त्याला खरी थंडी वाजूं लागते. म्हणून दुसरें सूत्र असें कीं, घरून निघतांना अंगाला थोडें गारच वाटलें पाहिजे. दारांतच ऊबदार वाटलें, तर कपडे जास्त झाले असें समजावें. पांच मिनिटें पायडल मारल्यावर जी ऊब येते, तीच खरी ऊब.

मग घालावें काय? तीन थर पुरेत. अंगाला लागून पातळ, अंगाबरोबर बसणारें बनियन. त्यावर सैल विणीचा लोकरी स्वेटर. आणि सर्वांत बाहेर दाट विणीचें, वारा अडविणारें कांहीं तरी. ऊब देते ती लोकर नव्हे, लोकरीच्या धाग्यांमध्यें अडकून बसलेली हवा. धनगराच्या घोंगडीनें पिढ्यान् पिढ्या रानांतील माणसाला तारलें तें याच गुणावर. लोकरीचा दुसरा गुण असा कीं, आपल्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटांत घेऊनहि ती अंगाला ओली लागत नाहीं. सुताचें तसें नाहीं. तें भिजलें कीं भिजलें. पण म्हणून सुती बनियन टाकून द्या असें मी म्हणत नाहीं. चार-पांच किलोमीटरांच्या वाटेला तें चालतें. फक्त दप्तरांत एक कोरडें बनियन असावें. जाड स्वेटर एक असण्यापेक्षां पातळ दोन असणें बरें, कारण दोहोंतला एक उतरवितां येतो. एका स्वेटराचा अर्धा भाग उतरवितां येत नाहीं.

येथें एक रूढ चाल उलटी करावयास सांगतों. आपण शर्टावर स्वेटर घालतों, कारण स्वेटर दिसावा अशी आपली इच्छा असते. परंतु विणलेल्या स्वेटरांतून वारा चाळणींतून पाणी जावें तसा जातो. त्याच स्वेटरावरून एखादा जुना, सैल, दाट कापडाचा शर्ट घाला, आणि फरक पाहा. वडिलांचा टाकून दिलेला टेरिकॉटचा शर्ट या कामीं उत्तम. आंतली लोकर हवा धरून ठेवते, बाहेरचा शर्ट वारा धरून ठेवतो, आणि दोघे मिळून नव्या कोटाचें काम करतात.

शर्टहि नसेल तर कालचें वर्तमानपत्र आहे. तें चार घड्या करून छातीवर, स्वेटराच्या आंत सरकवावें. हसूं नका. फ्रान्समधील जगप्रसिद्ध सायकल-शर्यतींत डोंगराचा घाट चढून माथ्यावर आलेले स्वार, उतार लागण्यापूर्वीं प्रेक्षकांच्या हातचीं वर्तमानपत्रें घेऊन सदऱ्याच्या आंत खुपसत असत. कागद वारा अडवितो, थोडा घामहि टिपतो, आणि शाळेंत पोंचल्यावर काढून ठेवला तर कोणाला कळतहि नाहीं. वर्तमानपत्र आंतून ऊब देऊं शकतें याचा हा एकमेव निर्विवाद पुरावा होय.

आतां टोंकांकडे वळूं. हातांसाठीं मोजे असल्यास उत्तम. नसल्यास पायांचे जुने लोकरी मोजे हातांत घालावे. त्यांत लाज नाहीं आणि शास्त्र आहे. बोटें वेगवेगळ्या घरांत राहिलीं तर प्रत्येकाला आपली चूल वेगळी पेटवावी लागते. एकत्र राहिलीं तर एकमेकांच्या उबेवर निभावतात. मात्र असे मोजे घालून ब्रेकची दांडी नीट धरतां येते कीं नाहीं, हें घराच्या अंगणांत पाहून मगच रस्त्यावर यावें. हँडलच्या मुठींवर जाड कापडाच्या पिशव्या शिवून बसवितां आल्या, आणि त्यांत हात घालून ब्रेक सहज धरतां आला, तर त्याहून सोय नाहीं. शिलाईमशीन असलेल्या घरीं हें एका दुपारचें काम आहे.

पायांना चपलेपेक्षां बंद बूट बरा. पण बूट मुळांतच घट्ट असतांना त्यांत दोन मोजे कोंबूं नयेत. रक्त दाबलें गेलें म्हणजे दोन मोज्यांतहि पाय गारच राहतो. गुडघ्यांकडे तर आपलें लक्षच नसतें. ते सतत हलतात आणि सतत वाऱ्यांत असतात. अर्धी चड्डी किंवा स्कर्ट असा गणवेश असेल तर त्याखालीं लांब, अंगाबरोबर बसणारी विजार घालावी आणि शाळेंत गेल्यावर उतरवावी. कानांसाठीं माकडटोपी आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि तिची निंदा करण्याचें कारण नाहीं. फक्त ती इतकी जाड नसावी कीं मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकूं येऊं नये, आणि इतकी पुढें ओढलेली नसावी कीं बाजूचें दिसूं नये. कानांवरून बांधलेली रुंद लोकरी पट्टी त्या दृष्टीनें अधिक चांगली. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनीं नाकातोंडावरून एक सुती रुमाल सैलसर बांधावा. आपल्याच श्वासाच्या उबेनें व ओलाव्यानें आंत जाणारी हवा सौम्य होते. डॉक्टरांनीं दिलेलें औषध मात्र खिशांत असावें.

आतां जें सांगणार आहें तें विशेष लक्षपूर्वक ऐकावें, अशी घरोघरच्या माताभगिनींना विनंति आहे. थंडींत अंगाभोंवतीं लपेटलेली शाल, खांद्यावरून मागें सोडलेली ओढणी आणि मफलराचें लोंबतें टोंक या तीन वस्तु सायकलवर फार घातक आहेत. फिरत्या चाकांत किंवा साखळींत टोंक सांपडलें, कीं गळ्याला फांस बसण्यास क्षणहि लागत नाहीं. पायीं चालणाऱ्या बाईची शाल ही माया आहे. सायकलवरच्या मुलीची शाल हा धोका आहे. ओढणी घ्यावयाचीच असेल तर दोन्ही टोंकें पुढें घेऊन, कमरेला गांठ मारून, वरून स्वेटर किंवा शर्ट घालावा, म्हणजे तीहि एक थर होऊन ऊब देईल. मफलर गळ्याशीं एक वेढा देऊन, टोंकें स्वेटराच्या आंत खोंचावीं. विजारीचा उजवा पाय साखळीच्या बाजूस असतो. तेथें एक नाडी किंवा रबर बांधावें.

दुसरा धोका अंधाराचा. जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे सूर्य उगवतो तो सुमारें सात वाजतां. साडेसहाच्या धुरकट उजेडांत, काळा कोट आणि काळी टोपी घातलेला सायकलस्वार डांबरी रस्त्यावर रस्त्याचाच एक भाग दिसतो. म्हणून सर्वांत बाहेरचा जो जुना शर्ट मीं सांगितला, तो पांढरा किंवा पिवळा असावा. मागच्या मडगार्डवर प्रकाश परतविणारी लाल पट्टी असावी. दोन्हींचा खर्च चहाच्या खर्चाहून फारसा अधिक नाहीं.

आतां पहिल्या सूत्राकडे परत येतों. दहा वाजले, ऊन वर आलें. आतां काय करावयाचें? उतरविण्याचाहि एक क्रम आहे. आधीं डोकें उघडावें, मग गळा, मग बटणें सोडावीं; वाटेंत एवढ्यानेंच भागतें. मुक्कामीं पोंचल्यावर बाहेरचा शर्ट व कागद काढावा, पांच मिनिटांनीं स्वेटर. घामेजलेलें बनियन बदलावयाचें तें याच वेळीं. काढलेले कपडे दप्तरांत दाबण्याऐवजीं एका वेगळ्या कापडी पिशवींत घालून, ती परततांना कॅरियरला पक्की बांधावी. ती हँडलला अडकवूं नये. हेलकावे खात ती पुढच्या चाकांत जाते. मुलें स्वेटर शाळेंत विसरून येतात ही आयांची जुनी तक्रार आहे. ती पिशवी नसल्यामुळें उद्भवते; मुलें वाईट असल्यामुळें नव्हे.

रात्रींची थोडी तयारी सकाळचें अर्धें काम करते. दुसऱ्या दिवशींचे कपडे रात्रीं उशाशीं, पांघरुणाच्या कडेला ठेवावे, म्हणजे सकाळीं ते अंगाला गार लागत नाहींत. सायकल उघड्यावर असेल तर तिच्या बैठकीवर व मुठींवर एक पिशवी उलटी घालावी. दंवानें भिजलेल्या बैठकीवर बसण्यासारखी दुसरी वाईट सुरुवात नाहीं. ओंठांना व हातांना जरासें तूप किंवा तेल चोळावें. कोरड्या थंडींत कातडी उलते ती त्यानें वांचते. रिकाम्या पोटीं निघूं नये. शेगडीला सर्पण लागतें. एखादी भाकरी, तिळाचा किंवा डिंकाचा लाडू आणि ऊन ऊन दूध हें या शेगडीचें सर्पण. संक्रांतीच्या सुमारास तीळ आणि गूळ खाण्याची चाल आपल्या पूर्वजांनीं केवळ गोड बोलण्यासाठीं पाडली नसावी. मद्यानें ऊब येते ही समजूत मात्र खोटी आहे. त्यानें कातडीकडे रक्त धांवतें, ऊब आल्याचा भास होतो, आणि अंगांतील खरी उष्णता बाहेर निघून जाते. आणि ज्यांची साठी उलटली आहे, किंवा ज्यांना रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनीं थंडीच्या लाटेंत सूर्य वर आल्यावरच सायकल काढावी. थंडीनें रक्तवाहिन्या आंखडतात आणि रक्ताचा दाब वाढतो. त्यांत चढाचे श्रम नकोत.

खर्चाचा प्रश्न राहिला. हिवाळा आला कीं महाराष्ट्रांतील शहरांत तिबेटी विक्रेत्यांचीं स्वेटरांचीं दुकानें लागतात. विदर्भांतच, गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांव तालुक्यांत गोठणगांवाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयापलीकडून आलेल्या माणसांनीं आम्हां उन्हाच्या देशांतील लोकांना लोकर विकावी, हा इतिहासाचा एक चमत्कारच. पण ज्या घरांतून नवा स्वेटर घेणें होत नाहीं, त्या घरांचें काय? त्यांच्यासाठींच जुना शर्ट, जुने मोजे आणि जुनें वर्तमानपत्र यांची इतकी थोरवी गाइली. थंडीला नव्याजुन्याचा भेद कळत नाहीं. तो माणसांनाच कळतो.

आणि येथेंच माझें शेवटचें मागणें आहे. तें मुलांकडे नाहीं, मोठ्यांकडे आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ वाजण्यापूर्वीं भरवूं नयेत असें राज्य शासनानें २०२४ सालीं ठरविलें. लहानग्यांच्या झोंपेचा विचार झाला, ही चांगली गोष्ट. परंतु सायकलवरून दुरून येणारीं मुलें बहुधा वरच्या वर्गांत असतात. थंडीच्या लाटेच्या आठवड्यांत त्यांची शाळा तासभर उशिरां भरविणें, हें बहुतेक ठिकाणीं वेळापत्रकाच्या थोड्या ओढाताणीनें साधण्यासारखें आहे. तें साधत नसेल, तर निदान गणवेशाच्या बाबतींत मन मोठें करावें. ठराविक रंगाचाच स्वेटर हवा, नाहीं तर दाराबाहेर काढून ठेवा, असा नियम जेथें असेल, तेथें गरीब घरचें मूल स्वेटर काढूनच येतें, आणि पुढें पुढें येतच नाहीं. शिस्त ही मुलें वर्गांत बसावींत यासाठीं आहे. तीं वर्गाबाहेर राहावींत यासाठीं नव्हे. डिसेंबर व जानेवारी हे दोन महिने ज्याला जें ऊबदार मिळेल तें त्यानें घालावें, रंग कोणताहि असो, आणि मुलींनीं गणवेशाखालीं लांब विजार घातली तर कोणीं भुंवया उंचावूं नयेत. एवढा ठराव एका शिक्षक-सभेंत पांच मिनिटांत होऊं शकतो. त्यासाठीं शासनाचें अनुदान लागत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि एक गोष्ट करावी. आपल्या कपाटांत, मुलांना अपुरे झालेले दोन स्वेटर असतातच. ते जानेवारी संपल्यावर भांडीवालीला देण्याऐवजीं, दिवाळी संपतांच जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, धुऊन, बटणें लावून, पोंचते करावे. देणगी द्यावयाची ती वेळेवर द्यावी. शिशिर संपल्यावर दिलेली ऊब कोणाच्याच कामाची नाहीं.

सूत्ररूपानें सांगावयाचें तर निघतांना थोडें गार असावें, थर तीन असावे, वारा बाहेर अडवावा आणि घाम आंत सांचूं देऊं नये, टोंकें खोंचलेलीं असावीं, वरचें वस्त्र उजळ असावें आणि उतरविलेल्या कपड्यांना पिशवी असावी. एवढें पाळलें तर माथ्यावरच्या या मुलखांतली सकाळ सायकलस्वाराची वैरीण राहणार नाहीं. तुरीच्या शेतांवरचें दंव, नाल्यांतून वर चढणारें धुकें आणि पहिल्या उन्हाची कोंवळी तिरीप हीं मोफत मिळतात, तीं रजईंतल्या माणसाला नव्हेत. वेळेवर बाहेर पडलेल्यालाच मिळतात. तीं आपल्या मुलामुलींना, कानांत वारा न भरतां, पाहावयास मिळोत, आणि शाळेची घंटा होण्यापूर्वीं तीं आपापल्या जागीं ऊबदार हातांनीं बसलेलीं असोत, इतकी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.